व्यसनमुक्ती केंद्र आणि बाहेरची माणसं: इंदूरच्या वस्त्यांसाठी कामाची मांडणी

दारू किंवा ब्राऊन शुगर (अशुद्ध हेरॉइन) अंगातून उतरायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. मग माणूस घरी जातो आणि त्याचा दिवस केंद्राच्या हातात राहत नाही. पाळी लावणारा सुपरवायझर, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला, बीटचा हवालदार, मेहुणा, मंडळातले मित्र यांच्या सोबतीने तो जातो. पुन्हा पिणं सुरू होतं ते यांच्याच आसपास, आणि वेळेवर लक्षात येतं तेही यांच्याच.

एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी फक्त एकाला कोणती तरी मदत मिळाल्याचं दिसलं. दाखल होऊन उपचार मिळाले ते 180 पैकी एकाला. उरलेले आपल्या दारात येत नाहीत, पण वर सांगितलेल्या लोकांना ते रोज दिसतात. म्हणून बाहेरच्या माणसांशी जोडणी करणं हा उपचाराचाच भाग धरावा आणि त्यासाठी आठवड्यातला अर्धा दिवस एका कार्यकर्त्याच्या नावावर लिहून ठेवावा. हॉलमध्ये मोठी सभा, बॅनर आणि शपथ घेतल्याने हे काम होत नाही. प्रत्येकाकडे एकच नेमकं काम मागायचं, बदल्यात एक नेमकी गोष्ट खात्रीने द्यायची, आणि रुग्णाचं नाव त्याच्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही सांगायचं नाही.

आधी वीस जणांचा कागद

मोठा कागद घ्या आणि मागच्या वीस रुग्णांबद्दल चार प्रश्नांची उत्तरं लिहा: तुमच्याकडे जा असं त्याला कुणी सांगितलं, माल किंवा दारू कुठून मिळत होती, पगार कुणाच्या हातात पडतो, घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात तो कुणाकुणाला भेटला. रुग्ण अजून नसतील तर वस्तीतल्या तीन आशा कार्यकर्त्या, एक शिक्षिका आणि एक किराणावाला यांच्याकडून हीच माहिती नावं न घेता मिळते. मध्य प्रदेशात 1 एप्रिल 2023 पासून दारूच्या दुकानांचे अहाते (दुकानालगत बसून पिण्याच्या जागा) बंद झाले. त्यामुळे पिणारे कुठे बसतात हे कलालीवर (दारूच्या दुकानावर) उभं राहून कळत नाही. मैदानाचे कोपरे, बंद मिलच्या भिंती, उभ्या रिक्षा हेही कागदावर येऊ द्या.

जी नावं पुन्हापुन्हा येतील त्यातली पाच निवडा, पंधरा नकोत. जोडलेला प्रत्येक माणूस आठवड्याला दोन-तीन फोन करतो. महिनाभर फोन उचलला गेला नाही की तो माणसं पाठवणं थांबवतो, आणि मग त्याला दुसऱ्यांदा जोडणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड जातं.

हा कागद भागानुसार वेगळा निघतो. मालवा मिलच्या मागच्या वस्त्यांत पोलीस, आशाताई आणि पार्षद (नगरसेवक) वर येतील. पिथमपूरला कामाला जाणाऱ्यांच्या कॉलनीत कंपनी आणि ठेकेदार. लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर अशा मराठी घरांच्या भागात बहुतेक वेळा फॅमिली डॉक्टर, भिशी आणि भजनी मंडळ. तिथलं पिणं दाराआड असतं. घरातली वहिनी ओळखीच्या गल्लीतल्या केंद्रात पाऊल टाकणार नाही. तिला दुपारी दोन ते चारची वेळ आणि दुसऱ्या वॉर्डातली जागा द्यावी लागते. तिथे जोडीदार संस्था निवडताना त्याच गल्लीतला कार्यकर्ता नको.

संमतीपत्र: प्रत्येक माणसासाठी वेगळं

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. दाखल करताना दहा कागदांच्या गठ्ठ्यात एक सरसकट परवानगी घेतली जाते. त्या वेळी रुग्णाचे हात कापत असतात, झोप नसते, आणि सही कशावर केली हे त्याला दोन दिवसांनी आठवत नाही. बाहेरच्यांशी बोलण्याची परवानगी चौथ्या-पाचव्या दिवशी, डोकं शांत झाल्यावर, त्याला येणाऱ्या भाषेत मोठ्याने वाचून घ्या. सुपरवायझरसाठी एक, बहिणीसाठी दुसरी. मजकूर एवढाच पुरतो:

«केंद्राने माझ्या सुपरवायझरला फक्त एवढं सांगावं: मी उपचार घेत आहे, ठरलेल्या तारखांना केंद्रात आलो की नाही, आणि कोणत्या तारखेपासून कामावर येऊ शकतो. माझ्या तपासण्या, घरच्या गोष्टी, पूर्वी काय घेत होतो, पुन्हा घेतलं का, यातलं काही सांगू नये. ही परवानगी 90 दिवसांची आहे. मी ती कधीही मागे घेऊ शकतो.»

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार येतात. कलम 23 प्रमाणे माहिती गुप्त ठेवणं हा रुग्णाचा हक्क आहे. त्याला अपवाद मोजके आहेत: नामनिर्देशित प्रतिनिधी, उपचार करणारे इतर डॉक्टर, कुणाच्या जिवाला किंवा सुरक्षेला धोका, न्यायालयाचा किंवा सक्षम प्राधिकरणाचा आदेश. हे अपवाद फोनशेजारी भिंतीवर लावा, कारण चूक बहुधा फोनवरच होते. समोरून आवाज येतो, «मी त्याचा मामा बोलतोय, आहे का आमचा मुलगा तिथे?» आणि कार्यकर्ता आपुलकीने हो म्हणून जातो. बोलणारा मामा असतो, उधारी वसूल करणारा असतो, किंवा माल विकणारा असतो. उत्तर प्रत्येकाला सारखंच असावं: «काका, इथे कोण आहे, कोण नाही, हे आम्ही फोनवर कुणालाच सांगत नाही. तुमचं नाव आणि नंबर द्या. तो माणूस आमच्याकडे असलाच तर निरोप पोहोचेल.» हे वाक्य नव्या कार्यकर्त्याकडून दहा वेळा म्हणून घ्या.

दवाखाना आणि पहिले बहात्तर तास

वस्तीपातळीवरच्या केंद्राने प्रत्येकाला आपल्याकडेच ठेवू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं की 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात, आणि 48 ते 96 तासांत भ्रम, भास, ताप, घाम अशी अवस्था येऊ शकते. वेळेवर उपचार न मिळाल्यास त्यात जीव जातो. पूर्वी झटके आलेला, काविळीचा, डोक्याला मार लागलेला, गरोदर, किंवा दारूबरोबर झोपेच्या गोळ्या घेणारा माणूस सरळ मोठ्या रुग्णालयात जायला हवा. इंदूरमध्ये महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे, बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे. रस्त्यावर काही घडलं तर 108.

रुग्णाबरोबर जाणारी चिठ्ठी अर्ध्या पानाची असावी, पण तिच्यात सहा गोष्टी हव्यातच: शेवटचं पेय किती वाजता, रोजचं प्रमाण, पूर्वी झटका किंवा भ्रम, इतर गोळ्या, साखर आणि रक्तदाब, सोबतच्या नातेवाइकाचा नंबर. «काल प्यायला होता» लिहून भागत नाही. काल सकाळी आणि काल रात्री यांत झटक्याची वेळ बदलते. प्रमाण «दोन-तीन पाव» असं सांगितलं जातं. एक पाव म्हणजे 180 मिलि, तेव्हा आकडा मिलिमध्ये आणि देशी की विदेशी हेही लिहा.

वस्तीतल्या छोट्या दवाखान्यांशी एक वेगळं बोलणं करावं लागतं. अशक्त दिसणाऱ्या दारूड्याला ग्लुकोजची बाटली लावण्याची पद्धत फार रूढ आहे. थायमिनची (ब-1 जीवनसत्त्वाची) कमतरता असलेल्या माणसाला थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. हे डॉक्टरला कार्यकर्त्याने शिकवू नये. केंद्राच्या मनोविकारतज्ज्ञाच्या सहीने एक छापील पान द्यावं: आधी थायमिन, मग ग्लुकोज, आणि कोणत्या लक्षणांवर पुढे पाठवायचं. बदल्यात एक खात्री द्या, की त्यांनी पाठवलेल्या रुग्णाचं काय झालं हे, रुग्णाच्या परवानगीने, सात दिवसांत कळवलं जाईल. डॉक्टरांची तक्रार बहुतेक ठिकाणी हीच असते: पाठवलं, पुढे काही कळलंच नाही.

मोठ्या रुग्णालयात रुग्ण हरवतो तो रांगेत. पर्ची, मग ओपीडी, मग तपासणी, मग औषधाची खिडकी; तिसऱ्या रांगेत तलफ येते आणि माणूस निघून जातो. पहिल्या भेटीला रुग्णमित्र सोबत द्या, एका दिवसात दोनच रुग्ण. घरी सोडल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी संपर्क आणि मग महिन्याला. सोडताना महिन्याभराच्या झोपेच्या गोळ्या एकदम हातात पडू नयेत, आठवड्याच्याच द्याव्यात आणि त्या घरातल्या कुणाकडे असाव्यात, अशी विनंती डॉक्टरांना आधीच लेखी करून ठेवा.

ब्राऊन शुगरच्या बाबतीत धोका उलट बाजूने येतो. टर्की, म्हणजे माल बंद केल्यावरचा त्रास, जीव नकोसा करते, पण एरवी धडधाकट माणूस तिने सहसा दगावत नाही. उपचारानंतर किंवा तुरुंगातून सुटल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि जुन्याच मात्रेने श्वास थांबतो. घरच्यांना हे सोडायच्या दिवशी समोर बसवून सांगा. ओठ निळे, श्वास मंद, हाक मारून जाग नाही: कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, एकटं सोडू नका.

पोलीस आणि कोर्ट

ठाण्यात जाताना मागणी स्पष्ट हवी. बीटच्या हवालदाराने रात्री सापडलेल्या माणसाला तीन खुणांसाठी पाहावं: डोक्याला जखम, बोलण्यात पूर्ण गोंधळ, अंग कापणं किंवा झटका. यातलं एकही असेल तर कोठडी नको, रुग्णालय. दारूचा वास येतो म्हणून बेशुद्धी दारूचीच असते असं नाही. साखर उतरलेली असू शकते, मेंदूत रक्तस्राव असू शकतो. पोस्टकार्डाएवढं कार्ड छापून प्रत्येक बीटला द्या. बदल्यात सकाळी दहा ते सहा उचलला जाणारा एक फोन नंबर द्या, आणि त्या वेळेत तो खरोखर उचला.

दोन गोष्टींना नाही म्हणावं लागतं. पहिली, रुग्णांची यादी. दुसरी, माल कुठून येतो याची बातमी. कार्यकर्ता खबऱ्या आहे असं एकदा वस्तीत पसरलं की ब्राऊन शुगर घेणारा एकही मुलगा पुन्हा दारात येणार नाही. नागरिकांना विक्रीबद्दल कळवायचं असेल तर नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोची 1933 ही हेल्पलाइन आहे. विचारणाऱ्याला ती सांगा आणि केंद्र त्यातून बाजूला ठेवा.

कायद्यातली एक वाट फार थोड्यांना माहीत असते. एनडीपीएस कायदा (अमली पदार्थांचा कायदा), 1985 च्या कलम 64 अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्या आरोपावर खटल्यापासून त्याला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. अल्प मात्रा म्हणजे हेरॉइन 5 ग्रॅम, चरस 100 ग्रॅम, गांजा 1 किलोपर्यंत. कलम 39 प्रमाणे दोषी ठरल्यावरही न्यायालय, आरोपीच्या संमतीने, त्याला बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकतं आणि एक वर्षापर्यंतच्या मुदतीत उपचाराचा अहवाल मागतं. दोन्हीकडे अडतं ते «मान्यताप्राप्त» या शब्दावर. तुमच्या केंद्राला मान्यता नसेल तर सरकारी रुग्णालयात नोंद करून घ्या आणि तुम्ही पाठपुराव्याचं काम करा. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. एका पॅनल वकिलाला ही दोन कलमं समोर ठेवून तासभर भेटलात तर पुढची बरीच धावपळ वाचते.

कारखाना आणि ठेकेदार

पिथमपूरच्या कंपनीत मनुष्यबळ विभागाला पत्र देऊन काम सुरू होतं, पण पार पडतं ते लाइनवरच्या सुपरवायझरपाशी. त्याच्याकडे चार गोष्टी मागा: दाखल असताना नोकरी टिकावी, परतल्यावर पहिले तीन महिने रात्रपाळी नको, पंधरा दिवसांतून एकदा दोन तासांची सुटी पाठपुराव्यासाठी, आणि गुंगीची गोळी चालू असेपर्यंत फोर्कलिफ्ट, क्रेन, बॉयलर किंवा वाहन हातात देऊ नये. तीन महिने का, याचं कारणही सांगा. झोप बिघडली की तलफ वाढते, आणि पाळी बदलली की झोप बिघडते.

बोलणं असं असावं: «साहेब, तो सोमवारी 14 तारखेपासून येऊ शकतो. दर दुसऱ्या गुरुवारी चार वाजता त्याला सोडा, त्याची हजेरी आम्ही तुम्हाला कळवू. तो परत प्यायला का, हे आम्ही सांगणार नाही. कामावर तो प्यायलेला वाटला तर तुमचा नियम लावा, आणि त्याच दिवशी आम्हाला फोन करा.» सुरुवातीला सुपरवायझर नाराज होतो. पण गुरुवारची हजेरी वेळेवर येत राहिली की हीच मर्यादा त्याला भरवशाची वाटू लागते.

पगाराचा दिवस विसरू नका. बहुतेक ठिकाणी तो महिन्याच्या 7 ते 10 तारखेत येतो. त्या दिवशी संध्याकाळी पाच ते नऊ हा फोनचा वेळ ठेवा आणि रुग्णाच्या इच्छेने पगार बायकोच्या किंवा आईच्या खात्यात जाईल अशी सोय आधीच लावा. ठेकेदाराकडे रोजंदारी असेल तर रोख रोज मिळते, धोका रोजचा असतो. तिथे आठवड्याचा हिशेब मागून पाहा. सगळे ठेकेदार ऐकत नाहीत. एक जरी ऐकला तर त्याच्याकडेच पुढचे रुग्ण कामाला पाठवा.

मेडिकल दुकान

अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, ट्रामाडॉल, कोडीन ही औषधं अनुसूची एच-1 मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत, येतात. दुकानदाराने चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. दुकानदाराला कायद्याचा धाक घालत जाऊ नका. «दादा, आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख आणि गोळ्यांची संख्या अक्षरात असते. तारीख उलटली असेल किंवा खाडाखोड दिसली तर एक फोन करा,» एवढंच मागा.

त्याच दुकानातून घरची माणसं डायसल्फिरम (दारू प्यायल्यास त्रास करणारी, दारू सोडवायची गोळी) विकत आणून नवऱ्याच्या वरणात कालवतात. हे अतिशय धोक्याचं आहे. शेवटच्या दारूनंतर किमान 12 तास गेल्याशिवाय आणि रुग्णाला माहीत असल्याशिवाय ही गोळी देऊ नये. वर दारू पोटात गेली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, हृदयाचा आजार असलेल्याचा जीव जाऊ शकतो. गोळी चालू असताना अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधं आणि टॉनिकंही नकोत. काउंटरवरच्या मुलाला हे एकदा नीट समजलं तर तो स्वतःच विचारतो, «काकू, ज्यांच्यासाठी नेताय त्यांना ठाऊक आहे ना?»

इतर केंद्रं, आणि एए

दुसऱ्या केंद्रात पाठवण्याआधी तिथे स्वतः जाऊन या, शक्यतो जेवणाच्या वेळी. 2017 च्या कायद्याखालची नोंदणी पाहा, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतो ते विचारा, रुग्णांशी एकांतात बोला. साखळदंडाला कलम 95 ची पूर्ण बंदी आहे. स्वेच्छेने दाखल झालेल्याने सोडा म्हटलं तर त्याला डांबून ठेवता येत नाही. इच्छेविरुद्धच्या सहाय्यित दाखल्याची मुदत कलम 89 प्रमाणे 30 दिवसांपर्यंत आहे आणि त्याला दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. जे केंद्र गाडी पाठवून माणूस उचलून नेतं, त्याच्याकडे एकही रुग्ण पाठवू नका, घरच्यांनी कितीही हात जोडले तरी. त्या घराला त्याऐवजी 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि 14416 ही टेलि-मानस (मानसिक आरोग्याची) हेल्पलाइन द्या, आणि पुढच्या दोन दिवसांत त्यांच्या घरी जा.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) म्हणजे दारू सोडणाऱ्यांचे स्वतःचे गट; ते तुमचा विभाग नाहीत. ते बाहेरचा पैसा घेत नाहीत, हजेरी कळवत नाहीत. खोली दिलीत तरी भाडं ते स्वतः देतील. थोडं का होईना, घ्या. रुग्णाला नुसता पत्ता देऊ नका; पहिल्या खुल्या बैठकीला त्याला एखाद्या सभासदाबरोबर पाठवा. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी आणि घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट. अमली पदार्थाच्या मुलांसाठी बैठक वेगळी लागते, दारूवाल्यांमध्ये ती टिकत नाहीत.

शाळा आणि सुलेशनची मुलं

भंगार वेचणाऱ्या, सुलेशन (पंक्चरचा गोंद) हुंगणाऱ्या मुलाला मोठ्यांच्या केंद्रात कधीही ठेवू नका. 1098 वर कळवा, बाल कल्याण समितीसमोर न्या. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शाळेत भाषण देण्यापेक्षा दोन शिक्षकांना खुणा दाखवा: बाहीवर सुकलेला चिकट डाग, तोंडाभोवती पुरळ, दुपारनंतर गैरहजेरी. फोन मुख्याध्यापकांमार्फत, वर्गासमोर काही नाही.

मंडळं आणि सणांचं कॅलेंडर

वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवर लावायचं कॅलेंडर करा: रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (देखाव्यांच्या मिरवणुकीची) रात्र, दिवाळी, लग्नसराई. झांक्या रात्रभर चालतात, जागरण आणि जुनी टोळी एकत्र येते. मंडळाच्या अध्यक्षाकडे दारूबंदीचं भाषण मागू नका. ज्याने नाव सांगायला स्वतः होकार दिला आहे त्याला मंडपात जबाबदारीचं, वेळेचं काम मिळावं, एवढं मागा: प्रसादाचा हिशेब, विजेची देखरेख, रात्री अकराला घरी. हे बोलणं महिनाभर आधी करा. आठवड्यावर आलं की अध्यक्ष भेटत नाही. हळदीकुंकवाला जाणारी कार्यकर्ती कुठलंही पत्रक न वाटता फक्त दुपारची वेळ आणि जागा सांगून येऊ शकते. त्याने जास्त बायका येतात.

पैसे देणारे

कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 खाली ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात. त्यांना आकडा हवा असतो, आणि «किती जण सुटले» हा आकडा सगळ्यात फसवा आहे. 30, 90 आणि 180 दिवसांनी किती जण संपर्कात आहेत, किती कामावर आहेत, किती परत प्यायल्यावर सात दिवसांत परत आले, हे द्या. तिसरा आकडा खरा कामाचा आहे, कारण घसरलेला माणूस लाजेपोटी दूर राहिला तर महिने वाया जातात. दानशूर पाहुण्यांसमोर रुग्णांना रांगेत बसवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 24 प्रमाणे रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही; 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, वार्ताहर येतात, त्यांना खोली दाखवा, औषधांचं कपाट दाखवा, माणूस नाही. सरकारी अनुदान उशिरा येतं, म्हणून तीन महिन्यांची औषधं आणि पगार बाजूला असल्याशिवाय नवं केंद्र उघडू नका. दारूच्या ठेकेदाराचा पैसा घेऊ नका.

दर तीन महिन्यांनी

पाचही जोडीदारांना वेगवेगळं भेटा, पंचेचाळीस मिनिटं. किती पाठवले, किती पोहोचले, किती हरवले आणि कोणत्या पायरीवर. बदली झालेल्या ठाणेदाराच्या जागी आलेल्याला पहिल्याच आठवड्यात कार्ड नव्याने द्या. जुनं कुणी सुपूर्द करत नाही. कुणी रुग्णाचं नाव फोडलं असेल तर आधी रुग्णाला भेटून सांगा, त्याच्या सहीची परवानगी त्या दिवसापुरती थांबवा, आणि मगच त्या जोडीदाराशी बोला. दुसऱ्यांदा घडलं तर त्याच्याकडून येणारे रुग्ण घ्या, पण त्याच्याकडे माहिती जाऊ देऊ नका.